आंब्याचे चार ओंडके, भाच्याचं गणित आणि छोटा हत्ती

पुण्याच्या सहकारनगरमधून एका काकांचं पत्र आलंय, दोन पानी आहे, मी थोडक्यात देते.

"ताई, आमच्या बंगल्याच्या आवारातला आंबा जुलैच्या पावसात मुळासकट आडवा झाला. वडिलांनी लावलेला होता, असो. फांद्या तोडून खोडाचे चार ओंडके करून ठेवलेत. टिंबर मार्केटमधले एक व्यापारी येऊन टेप लावून गेले, म्हणाले एकोणचाळीस घनफूट. सूनबाईंनी वर्तुळाच्या सूत्राने काढलं तर जवळपास पन्नास आलं! म्हणजे अकरा घनफूट सरळ गिळले की. आता भाचा म्हणतो विकूच नका, भोरला आपल्या घरी नेऊन चिरून घेऊ. त्याने नेटवर आंब्याच्या लाकडाची घनता बघितली, घनमीटरला ६८० किलो, एकोणचाळीस घनफुटाचे घनमीटर करून त्याला गुणलं आणि म्हणतो साडेसातशे किलो भरतं, छोट्या हत्तीत एका खेपेत जाईल. मला काही हे पटत नाही पण चूक कुठे आहे तेही सांगता येत नाही. आणि एक झोपाळ्याची फळी मला या झाडाची हवीच आहे, ती निघेल का? मापं सोबत जोडली आहेत."

काका, पहिले सांगते, भाच्याला त्या एका खेपेपासून थांबवा. गाडी बुक केली असेल तर फोन करा आणि मग पुढचं वाचा. तुमचा माल साडेसातशे किलो नाहीये, तो तेराशे किलोच्या आसपास आहे आणि कात्रज घाटाच्या चढाला, त्याहून जास्त म्हणजे पलीकडच्या उताराला ब्रेक मारताना तो फरक कळेल.

आता चूक कुठे झाली. गंमत म्हणजे व्यापाऱ्याचा आकडा बरोबर, सूनबाईंचा पण बरोबर, आणि भाच्याने नेटवरून घेतलेला ६८० पण तसा बरोबर आहे, फक्त भाच्याने एका खात्यातला आकडा दुसऱ्या खात्यात टाकलाय.

आमची भवानी पेठेत वखार होती, वडिलांची. मी शाळेतून आले की वहीत घेर आणि लांबी लिहायला बसायचे, वडील टेप धरायचे आणि ओरडून आकडा सांगायचे. तर तिथे गोल माल मोजायची पद्धत एकच, ओंडक्याच्या मधोमध घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग करायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर इंचात आणि लांबी फुटात असेल तर सोपं करून घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले २३०४. हा २३०४ मला अजून झोपेत विचारलात तरी सांगेन. (चार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस, त्याचा वर्ग, बाकी काही जादू नाही.) तुमच्या पहिल्या ओंडक्याचा मधला घेर ६५ इंच, लांबी ८ फूट. ६५ चा वर्ग ४२२५, गुणिले ८, भागिले २३०४, आलं १४.६७ घनफूट. दुसरा ५८ इंच आणि ८ फूट, तो ११.६८. तिसरा ५० आणि ७, तो ७.६०. चौथा ४४ आणि ६ फूट, ५.०४. बेरीज ३८.९९. व्यापाऱ्याने तर एक शतांश वाढवूनच सांगितलंय तुम्हाला!

पण हे खरं घनफळ नाही. गोल वस्तूला चौकोनी समजून केलेला हिशोब आहे हा, यात खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जातात, साडेएकवीस टक्के सोडून दिलेले असतात. ही पद्धत इंग्रजांकडून आली, तिकडे एडवर्ड हॉपस म्हणून एक होता त्याने १७३६ साली अशा मापांची तयार कोष्टकं छापली आणि ती आपल्याकडच्या लाकूडबाजारात इतकी मुरली की अजूनही भाव याच घनफुटावर बोलतात. सोडलेले साडेएकवीस टक्के कशाचे तर चिरताना कडेची गोल सालपटं जातात, करवतीच्या पात्याचा भुसा जातो, त्याचे. ओंडक्यातून एकच अखंड चौकोनी तुळई काढली तर जेमतेम चौसष्ट टक्के लाकूड हाताला लागतं, तेव्हा हे काही लुटालूट म्हणण्यासारखं नाही. भाव त्याच मापाचा असतो. तुम्ही पन्नासवर अडून बसलात तर तो म्हणेल बरं पन्नास धरा, आणि दर तेवढ्या टक्क्यांनी खाली आणेल, हातात पैसे तेवढेच.

व्यापाऱ्याला धरायचंच असेल तर दुसरीकडे धरा. साल वजा करून मोजलं की सालीसकट, हे विचारलंत का? आंब्याची जुनी साल अर्धा इंच सहज असते, आणि अर्धा इंच ऐकायला काहीच वाटत नाही पण ती दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे व्यासात एक इंच गेला, घेरात तीन इंचाहून जास्त. पहिल्या ओंडक्याचा ६५ चा ६२ च्या खाली येतो आणि १४.६७ चे १३.३ घनफूट होतात, नऊ टक्के गेले. तुमचे ३९ सालीसकट आलेत, म्हणजे त्यांनी साल सोडली नाही. उद्या माल उचलायला आल्यावर "साल काढून मोजतो" म्हणाले तर तो वेगळा भाव झाला, आधीच बोलून घ्या. दुसरं म्हणजे लांबी, साडेसात फुटाचा ओंडका सात लिहितात काहीजण, आणि घेर कुठे घेतला ते बघा. टेप ओंडक्याच्या खालून जात नाही म्हणून बरेचजण जिथे जमिनीपासून उचललेला असेल तिथे, म्हणजे टोकाला, घेर घेतात. बारीक टोकाला घेतला की तुमचं नुकसान, जाड टोकाला घेतला की त्यांचं. दोन्ही टोकांची सरासरी काढली तरी बुंध्याकडचा ओंडका फसवतो कारण मुळाजवळ खोड एकदम फुगलेलं असतं. तुमच्याच पहिल्याचं बघा, टोकांचे घेर तुम्ही ७२ आणि ६० लिहिलेत, सरासरी ६६ येते पण मध्ये खरा ६५ च आहे. एक इंचाने काय होतंय म्हणू नका, वर्ग होतो त्याचा.

खालून सुतळी घालायची युक्ती सांगते. सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या, टोक जरा वाकवून त्याला सुतळी बांधा आणि ओंडक्याच्या खालून मातीतून ढकला, पलीकडून ओढून घ्या. सुतळी ओंडक्याला काटकोनात बसली पाहिजे, तिरकी गेली की घेर वाढतो. मग जिथे टोकं भेटतात तिथे चिमटीत धरून सुतळी काढायची आणि टेपवर मोजायची. आमच्याकडे एक म्हातारे हमाल होते ते चिमटीतच अर्धा इंच सरकवायचे, माल आमचा विकायचा असेल तर एकीकडे आणि घ्यायचा असेल तर दुसरीकडे, वडिलांना दोन्ही वेळा कळायचं पण ते काही बोलायचे नाहीत.

बरं, आता वजन. इथे हॉपसला घरी बसवायचं. गाडीवर जाणार आहे ते सगळंच्या सगळं लाकूड, कडेची सालपटं सुद्धा आणि साल सुद्धा, त्यामुळे इथे सूनबाईंचं वर्तुळाचं सूत्र खरं. व्यापारी घनफुटाला ०.७८५ ने भागलं की तेच येतं, ३९ चे पन्नासला थोडे कमी. चार ओंडके वेगवेगळे मांडायचे तर १८.७, १४.९, ९.७ आणि ६.४. भाच्याची पहिली चूक ही झाली की त्याने अकरा घनफूट लाकूड अंगणातच सोडून उरलेल्याचं वजन काढलं.

दुसरी चूक जास्त मोठी. तो ६८० चा आकडा वाळलेल्या लाकडाचा आहे. पुस्तकात, नेटवर लाकडाची जी घनता देतात ती बहुतेक वेळा साधारण बारा टक्के ओलाव्याची असते, म्हणजे फर्निचरच्या लायकीचं लाकूड. तुमचा आंबा जुलैत पडलाय, मुळं पाण्यात, खोड पाण्याने भरलेलं, वर पाऊस चालूच. ओल्या लाकडात कधीकधी लाकडापेक्षा पाणीच जास्त वजनाचं असतं. घनफळ बदलत नाही फारसं, वाळताना थोडं आकसतं तेवढंच, पण वजन तर महिन्यामहिन्याला वेगळं. म्हणून "आंब्याचं वजन किती" या प्रश्नाला "कधीचा आंबा" हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

तुमच्या आंब्याचं आजचं वजन घरच्या घरी काढता येतं. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा लागेल, पोळ्यांच्या कणकेला वापरतो तोच. खोडाच्या कापलेल्या तोंडाकडून सालीसकट एक मुठीएवढा तुकडा करवतीने काढा, अगदी टोकाचा नको कारण टोक उन्हावाऱ्याने सुकलेलं असतं, पाचसहा इंच आतला हवा. त्याचं वजन करा. मग पातेल्यात दोनेक लिटर पाणी घेऊन पातेलं काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता तुकडा पाण्यात सोडा, तो बहुतेक तरंगेल, त्याला विणायच्या सुईने किंवा दाभणाने वरून दाबून पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही आणि बोट पाण्यात घालायचं नाही. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढं त्या तुकड्याचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. वजनाला याने भागलं की झालं. मी परवा आमच्या शेजारच्यांनी छाटलेल्या आंब्याच्या जाड फांदीवर केलं, तुकडा ४६० ग्रॅम, बुडवल्यावर काट्यावर ५००. म्हणजे ०.९२. पाण्याचा एक घनफूट २८.३ किलो असतो, त्याला ०.९२ ने गुणलं, २६ किलो. माझा आकडा फांदीचा आहे, तुमच्या खोडाचा पाचदहा टक्के इकडेतिकडे येऊ शकतो म्हणून तुमचा तुम्ही करा. आणि एवढा खटाटोप करायचा नसेल तर ओलं लाकूड सरळ पाण्याइतकंच जड धरा, घनफुटाला २८ किलो, गाडीच्या आणि दोराच्या दृष्टीने ते सुरक्षित बाजूला पडतं. (बाभळीसारखं कठीण लाकूड ओलं असताना पाण्याहूनही जड भरू शकतं, तिथे ही सूट घेऊ नका.)

तर २६ ने पहिला ओंडका ४८६ किलो, दुसरा ३८७, तिसरा २५२, चौथा १६७. एकूण १२९२. भाच्याचे ७५० आणि हे १२९२, मध्ये साडेपाच क्विंटलचा फरक आहे, अख्खा एक पहिला ओंडका जास्तीचा बसवला तरी उरतंय.

छोटा हत्ती साधारण पाऊण टनाचा, मॉडेलप्रमाणे बदलतं, आरसी बुकात रिकामं वजन आणि एकूण मान्य वजन दोन्ही असतं, वजाबाकी करा आणि ड्रायव्हर आणि भाचा त्यातच धरा. दोन खेपा करायच्या. पहिला आणि तिसरा एकत्र नका घालू, ते ७३८ होतात, काठावर आहे आणि आपले आकडे काही सोनाराच्या काट्यावरचे नाहीत. पहिल्याबरोबर चौथा, ६५३. दुसऱ्याबरोबर तिसरा, ६३९. दोन्ही खेपा एकटा ड्रायव्हर धरून पाऊण टनाच्या आत बसतात, भाच्याला मात्र वेगळं पाठवा. ओंडक्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नुसत्या दोरावर विसंबू नका, गोल वस्तू घाटात काय करते ते मला सांगायला लावू नका.

चढवायचं कसं ते तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते कारण माणसं तिथेच पाय चिरडून घेतात. चेन ब्लॉक, म्हणजे साखळीने वजन उचलायची कप्पी, भाड्याने आणाल तर दुकानदार अर्ध्या टनाचा देईल, "४८६ म्हणजे अर्ध्या टनाच्या आत" असं म्हणून तो घेऊ नका, एक टनाचा घ्या. ओंडका चिखलात रुतलेला असतो, सुटताना हिसका बसतो. फळ्या टाकून लोटत चढवणार असाल तर एक टोक उचलायला साधारण निम्मं वजन लागतं, बुंध्याकडचं टोक असेल तर निम्म्याहून जास्त, म्हणजे पहिल्या ओंडक्याला अडीचशे किलो, चार माणसांचं काम आहे. आणि उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, भाच्याने तर नाहीच, तो मोबाईलवर शूटिंग करत असेल.

खेप भरली की जाताना वजनकाट्यावर घ्या, रिकामी गाडी आधी एकदा आणि भरलेली एकदा, पावती घ्या, आपला अंदाज किती जमला तेही कळतं. फक्त दोन्ही वेळा गाडीत तीच माणसं पाहिजेत. आमच्या वखारीत एकदा जळाऊ लाकडाचा ट्रक आला, भरलेल्या वजनाला केबिनमध्ये ड्रायव्हर धरून पाच जण बसले होते आणि रिकाम्या वजनाला एकटा ड्रायव्हर, चार माणसांचं वजन आम्ही लाकडाच्या भावाने विकत घेतलं. तेव्हापासून वडील मला काट्यावर पाठवायचे, डोकी मोजायला.

जळाऊवरून आठवलं, तुमच्या फांद्यांचा ढीग. तुम्ही ५ फूट बाय ४ बाय ३ लिहिलाय, म्हणजे ६० घनफूट, पण त्यात हवाही बरीच. सरळ गोल लाकडं नीट रचली तर ढिगात साठ-पासष्ट टक्के लाकूड असतं, आंब्याच्या वाकड्यातिकड्या फांद्या म्हणजे निम्मं धरा. तीस घनफूट, पावणेआठशे-आठशे किलो आज. सरपणवाला वजनावर घेणार असेल तर ओलं असतानाच द्या हे मी म्हणायला नको, पण तोही काही दुधखुळा नसतो, तो ओल्याचा दर वेगळा लावतो.

कागदाचं विसरू नका. झाड स्वतःहून पडलं असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून त्यांचा कागद जवळ ठेवा, शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि लाकूड भोरला न्यायचंय तर वाहतुकीचा पास लागतो का हे आधी वन खात्याच्या ऑफिसात विचारून घ्या. रस्त्यात गाडी अडवल्यावर "वडिलांनी लावलेला आंबा होता" हे सांगून भागत नाही.

विकायचं की न्यायचं हे मी नाही ठरवणार, पण जे कराल ते लवकर करा. आंबा वाळेपर्यंत ओंडक्यातच ठेवू, मग हलका झाला की नेऊ, असा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. आंब्याला बुरशीचे निळे-काळे डाग फार पटकन पडतात आणि किडा लागतो, सागासारखं ते वर्षभर अंगणात पडून राहणारं लाकूड नाही. आणि एवढा जाड ओंडका पुण्याच्या पावसाळ्यात वाळत तर नाहीच. चिरून फळ्या करायच्या आणि मग वाळवायच्या.

आता झोपाळा. निघेल, पहिल्याच ओंडक्यातून, बुंध्याकडच्या पाच फुटातून. मध्यावर घेर ६५ म्हणजे व्यास पावणेएकवीस इंच, साल गेली की पावणेवीस. मिस्त्री म्हणेल बरोबर मधोमध चिरू, सगळ्यात रुंद फळी मिळेल, तसं करू देऊ नका. अगदी गाभ्याच्या मध्यबिंदूतून गेलेली फळी वाळताना तिथेच फुटते. मध्यापासून दोन इंच सोडून पुढची दोन इंच जाडीची फळी घ्या, तिथेही दीड फूट रुंदी मिळते, झोपाळ्याला तेवढी पुरे. चिरल्याच्या दिवशीच फळीच्या दोन्ही तोंडांना ऑइल पेंट नाहीतर वितळवलेलं मेण फासा, पाणी तोंडाकडून भसाभस निघतं आणि तिथून चिरा पडतात. मग सावलीत, वारा लागेल अशी, खाली पट्ट्या देऊन आडवी ठेवा, वर चार विटा.

अशी पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे सव्वा घनफूट, आज ती साडेबत्तीस किलो भरेल. भाच्याला कामाला लावा, फळी हातात धरून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करून फळीच्या पाठीवर पेन्सिलने तारीख आणि आकडा लिहायचा, दर महिन्याच्या एक तारखेला. आधी भराभर उतरेल, मग सावकाश. दोनतीन महिने आकडा चोवीस-पंचवीसच्या आसपास जागचा हलला नाही की मग कड्या बसवायला सुताराला बोलवा.